म्हशीपर्यंत फायदा

आपल्या देशात आजवर जेवढे ग्रॅज्युएट धडधाकट राहिले, एसटीखाली आले नाहीत, उन्हाने चक्कर येऊन पडले नाहीत, पावसात भिजून अंथरुणाला खिळले नाहीत, ते सगळे माझ्या चुलत सासऱ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. निदान अमळनेर ते धुळे एवढ्या पट्ट्यातले तरी. मी काही फार शिकलेली बाई नाही, मला ठाम मतं असायची सवयही नाही, मत आलं की आधी छातीत धडधडतं आणि मग ते मत कुठेतरी निघून जातं, पण हे एक टिकलंय म्हणून सांगते.

सगळे त्यांना आबा म्हणायचे. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत राहायचे. शाळा चौथीपर्यंत. नोकरी कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडरची. शेतकऱ्याची गाडी आली की आबा कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचे, आतला मूठभर काढायचे, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरून चोळायचे, डोळे मिटायचे, आणि मान हलली की माल पास. वजन वाढावं म्हणून कोणी कापसावर पाणी मारून आणलेलं असलं की आबांच्या बोटांना लगेच कळायचं. मग ते रिटायर झाले, पण बोटं झाली नाहीत. घरात जे येईल ते चोळून बघायचे. पोळी, चहाची पत्ती, लग्नाची पत्रिका, माझ्या पातळाचं सूत. मला बघायला आले होते तेव्हा सगळ्यांनी मला नाव-गाव विचारलं, स्वयंपाक विचारला, आणि आबांनी फक्त बशीतल्या पोह्यातला एक पोहा चोळून बघितला आणि मान हलवली. तेवढ्यावर मी या घरात आले.

आता या माणसाला ग्रॅज्युएट लोकांचं वेड का लागलं, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती. पण त्यांचं म्हणणं मला पाठ आहे, कारण ते रोज व्हायचं. घरात आबा आमच्यासारखीच अहिराणी बोलायचे, पण देशाची गोष्ट निघाली की एकदम शुद्ध मराठीवर जायचे. देशाला अहिराणी समजणार नाही अशी त्यांना भीती असावी. "सूनबाई," ते म्हणायचे, "एका बोंडाच्या कापसाने काय होतं? दिव्याची वात. पण तोच जिनात गेला, यंत्राने सरकी वेगळी केली, उरलेल्या रुईची गाठ बांधली की बोटीत बसून विलायतेला जातो. देशाचं तसंच आहे. कॉलेज म्हणजे जिन. एक पोरगा इंजिनियर होऊन बाहेर पडला की तो एकटा खात नाही. तो पूल बांधतो. पुलावर गवंडी येतो, गवंड्यासाठी चहावाला येतो, चहावाल्याला दूध लागतं म्हणून गवळी येतो, आणि गवळी म्हशीला पेंड घालतो. म्हशीपर्यंत फायदा जातो सूनबाई, म्हशीपर्यंत! आणि त्या म्हशीला माहीतसुद्धा नसतं की आपण कोणाच्या डिग्रीवर रवंथ करतोय." यावर मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून "हो आबा" म्हणायचे आणि मला खरंच सगळ्या म्हशी वेगळ्या दिसायला लागल्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बसायची, तिच्याकडे बघून मला वाटायचं, हिचा इंजिनियर कुठे असेल?

तर एवढ्या मोलाचा माल, आणि तो असा उघड्यावर फिरतो, याची आबांना काळजी. गोदामात गाठी ओल्या होऊ नयेत म्हणून जसे ते ताडपत्री घेऊन धावायचे, तसे ग्रॅज्युएटमागे धावायचे. बाजारात डॉक्टर दिसले की हात धरून रस्ता ओलांडून द्यायचे, डॉक्टर बिचारे तरणेताठे. कॉलेजातले एक सर सायकलवरून जायचे, त्यांच्या सायकलीचे ब्रेक आबा स्वतः तपासायचे, सर वर्गात असताना. लग्नात पहिल्या पंगतीला वऱ्हाडी नाही, ग्रॅज्युएट. आणि एसटीत तर विचारूच नका. एसटी स्टँडात शिरली की आबा खिडकीतून आपली टोपी आत टाकायचे, जागा धरायला, सगळेच टाकतात रुमाल नाहीतर टोपी, पण आबा टोपी टाकून स्वतः बसायचे नाहीत. उभं राहून, इथे ग्रॅज्युएट कोण म्हणून हाक मारायचे, "कोन ग्रॅज्युएट शे रे आठे?"

एकदा आम्ही धुळ्याला निघालो होतो, मला पाचवा महिना, गर्दी ही एवढी, आणि आबांच्या हाकेला एका मिसरूड फुटलेल्या पोराने हात वर केला. बी.एस्सी. झालेला. आबांनी त्याला टोपीच्या जागेवर बसवलं, तेही आतल्या बाजूला, खिडकीची हवा लागू नये म्हणून. शेजारी एक म्हातारी कोंबडी घेऊन उभी होती. ती भडकली. "आन मी? मी काय तुना देशनी सवत शे का?" आबा म्हणाले, "अक्का, तुमचा मान आहेच, पण हा माल नाजूक आहे." म्हातारी म्हणाली, "नाजूक शे तर घर ठेव, कापूसमा गुंडाळी!" सगळी गाडी हसली, तो पोरगा लाजून उठायला लागला, आबा त्याला खांद्याने दाबून बसवताहेत, आणि तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "आबा, बी.ए. तर मीपण आहे." झालं. आबांनी कंडक्टरलाही बसवलं. मग तिकिटं कोण फाडणार? आबांनी फाडली. पारोळ्यापर्यंत. मी दांड्याला धरून उभी, पोटात पोर लाथा मारतेय आणि मला भीती, की आता पोलीस येतील आणि आम्हाला धरतील. शेवटी त्या म्हातारीनेच कोंबडी माझ्या हातात दिली, खाली बसकण मारली आणि मला मांडीशी ओढून घेतलं.

घरात या प्रेमाचा सगळ्यात मोठा त्रास आमच्या यांना. हे बी.कॉम. बी.कॉम. झाले, गिरणीत हिशोबाला लागणार म्हणून ठरलं, आणि त्याच वर्षी गिरणीला कुलूप लागलं. मग किराणा दुकानात लागले. आबा रोज दुकानात जाऊन बसायचे आणि यांनी तेलाचा डबा उचलला की मधे पडायचे, "ठेव खाली, पाठ जाईल, देशाची पाठ आहे ती." मालक वैतागला. म्हणाला, आबा, एक तर याला न्या नाहीतर तुम्ही कामाला लागा. सासूबाई तर ऐकवायला टपलेल्याच असायच्या. आबा त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, त्यामुळे समोरासमोर बोलायचं नाही, त्या दाराआड उभ्या राहून दाराशी बोलायच्या. "काय रे दार, बी.कॉम. पुतन्या साबननी पेटी उचलस, त्यामा देशले काय भेटनं? म्हैस ते सोडा, माले एक नवं लुगडं नही भेटनं!" आबाही दारालाच उत्तर द्यायचे. पण त्या दिवशी ते यांच्या ताटाकडे वळले. मग म्हणाले, "गिरनी बंद पडनी, त्यामा रुईना काय दोष? रुई चांगली शे." आणि यांच्या ताटातली भाकरी चोळून बघितली, उगाच. हे मान खाली घालून जेवत होते. नंतर मला रात्रभर तेच आठवत होतं, रुई चांगली शे.

मी नववी. नववीसुद्धा पुरती नाही, मधेच लग्न. आणि घाबरट. कुकरची शिट्टी झाली की मी ओट्यापासून लांब पळते, गॅसची टाकी बदलायची तर शेजारणीला बोलावते, पोस्टमनने नाव पुकारलं की मोरीत शिरते. पोरगी झाली तेव्हा तिला उचलायचीसुद्धा भीती, मान मोडेल का, बोट लागेल का. अशा बाईकडे बघून आबा एके दिवशी डोळे मिटून म्हणाले, "लांब धाग्याचा माल आहे. सरकीसकट ठेवलाय घरात. असा कापूस नुसता ठेवला तर उंदीर लागतात." मला वाटलं खरंच उंदीर झाले, मी कोपरे झाडायला लागले. पण संध्याकाळी ते सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आले, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. म्हणाले, "दहावी, बारावी, मग बी.ए. गाठ बांधूनच सोडायची."

सासूबाईंनी दाराला सांगितलं, "एकदा बसू दे. पोरगी माझ्याकडे टाकायची नाही, मी सांभाळणार नाही. आणि नापास झाली तर घरात पुन्हा पुस्तक दिसायला नको. चूल आणि पोर, बास." आबा दाराला म्हणाले, "मंजूर." मला कोणीच विचारलं नाही, पण माझे हातपाय गार पडले ते परीक्षेपर्यंत गारच होते. कारण खरं सांगू का, मला पास व्हायचं होतं. एवढं की ते कोणाला सांगायची भीती वाटायची. भांडी घासताना मी राखेत त्रिकोण काढायचे आणि कोणी आलं की पाणी ओतायचे.

आबांना शिकवता काही येत नव्हतं, पण मालाची निगा येत होती. मी ग्रॅज्युएट होणार म्हटल्यावर मीपण नाजूक झाले. नळावरचे हंडे आबा भरायला लागले, साठी उलटलेला सासरा सुनेचे हंडे भरतोय म्हणून बायकांनी तोंडात पदर खुपसले. मी अभ्यासाला बसले की ते दाराशी पोरीला मांडीवर घेऊन बसायचे आणि हळू आवाजात तिला जिन, गाठ, इंजिनियर, गवळी, म्हैस असं सगळं सांगायचे, आणि पोरगी म्हशीच्या आधीच झोपायची. मला म्हणायचे, "दाराआडून बोलू नकोस सूनबाई. ग्रॅज्युएट बाई समोर येऊन बोलते." मग मी समोर येऊन बोलायचे, पण आवाज दाराआडचाच निघायचा.

परीक्षा मार्चमध्ये, आमच्याच गावातल्या शाळेत. त्या दिवसांत परीक्षा म्हणजे आमच्याकडे जत्रा. आत पोरं लिहिणार आणि बाहेर भाऊ, मेहुणे, काका भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठ्या टाकणार. आबा पोरीला शालीत गुंडाळून कंपाउंडच्या आतल्या निंबाखाली बसायचे आणि या लोकांशी भांडायचे. "पाणी मारताय! मालाला पाणी मारताय! वजन दिसेल, पण गाठीत गेल्यावर सडेल, आणि शेजारचा चांगला मालसुद्धा सडवेल!" लोक म्हणायचे, "आबा, बाजूला व्हा, दगड लागेल." चिठ्ठी दगडाला बांधून फेकायचे ना.

भूमितीचा पेपर होता. निम्मा वेळ झाला असेल आणि माझी पोरगी रडायला लागली. आईला आपल्या पोराचा आवाज शंभर आवाजांत कळतो, मला तर शिंकसुद्धा कळते. बाटली ती घ्यायचीच नाही. ती रडतेय, वर्तुळ माझ्या डोळ्यांपुढे फिरतंय, पदराखाली ब्लाउज ओला झालाय. उठले. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "बाहेर गेलीस तर परत आत घेता येणार नाही. नियम आहे." मी अर्धी उभी, अर्धी बसलेली. आणि एकदम रडणं थांबलं. बाहेर एक जीप वाजली, पळापळ झाली, कोणी तरी "पथक आलं, पथक आलं" ओरडलं, आणि त्या सगळ्या आवाजात माझी पोरगी नाही. गप्प. मला वाटलं पडली. चेंगरली. नेली कोणी.  सासूबाई, दहावी, बी.ए. सगळं गेलं चुलीत, मी बाकाबाहेर पाय टाकला, आणि खिडकीतून लांब, निंबाच्या सावलीच्या कडेला मला आबा दिसले. एकटेच. पण त्यांनी हात उंच केला होता, आणि अंगठा आणि बोट चोळत होते. डोळे मिटून. मग मान हलवली.

माल पास. म्हणजे पोरगी ठीक आहे. मी बसले. कसं लिहिलं ते मला माहीत नाही, पण लिहिलं.

बाहेर काय झालं ते मला संध्याकाळी कळलं, कारण ज्या बाईमुळे झालं तीच पोरीला द्यायला शाळेच्या फाटकाशी थांबली होती. जवळच्या खेड्यातली, कपाळभर कुंकू, धाकट्या भावासाठी चिठ्ठ्या घेऊन आलेली. सकाळीच आबा तिला बोलले होते, अक्का, तुम्हीसुद्धा? पण पोरगी रडायची थांबेना, आबा तिला घेऊन निंबाभोवती येरझाऱ्या घालताहेत, तेव्हा तीच म्हणाली, "दे तिले आठे. मीबी तान्हा आंडोर घर ठेई ऊनू." तिचाही तान्हा मुलगा घरी होता. पाठ फिरवून, पदर ओढून तीच पाजायला बसली. नेमकी तेव्हाच जीप आली. भिंतीवरचे सगळे शूर खाली उड्या मारून पळाले, आणि पळता पळता हातातल्या चिठ्ठ्या तिच्या मांडीत टाकून गेले, "अक्का, धर!" तिने सगळ्या पदराखाली घेतल्या. अख्ख्या शाळेची भूमिती तिच्या पदराखाली आणि वर माझी पोरगी.

साहेब आले. निंबाखाली दोनच माणसं. "या बाई कोण? काय आहे पदराखाली?" आणि विचारलं कोणाला, तर आबांना. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही ओला माल कोरडा म्हणून लिहिला नाही, त्याला. ती सांगत होती, आबांचा चेहरा असा झाला की तिला वाटलं आता हा म्हातारा आपल्याला धरून देणार. पण शालीत पोरगी नव्हती ना आता, ती तिच्याकडे होती. आबा म्हणाले, "साहेब, लेकरू पितंय." साहेबांनी पटकन तोंड फिरवलं. आणि लगेच आबा म्हणाले, "साहेब, आपण ग्रॅज्युएट?" साहेब म्हणाले, "एम.ए. आहे. का?" "एम.ए., आणि असे उन्हात? चला, चला तिकडे," असं म्हणून स्वतःची टोपी साहेबांच्या डोक्यावर घालून त्यांना थेट शाळेच्या दुसऱ्या टोकाच्या सावलीत नेऊन बसवलं. साहेब तिथे पाणी पीत बसले, त्यांना म्हशीपर्यंत सगळं ऐकावं लागलं.

मी पास झाले. सासूबाईंनी दाराला पेढा दिला. पण आबा आनंदात नव्हते. दोन दिवस जेवले नाहीत नीट. म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातून भिजका माल पास झाला. त्या बाईचा भाऊपण पास झालाय. देशाच्या गाठीत माझ्यामुळे एक ओलं बोंड गेलं." आणि काय केलं असेल या माणसाने? एसटीने त्या खेड्यात गेले, भावाला धरलं, म्हणाले, "पास झालास ना? आता अभ्यास कर." पोरगा म्हणाला, "आबा, आता कशाला? निकाल लागला की." आबा म्हणाले, "सुकवायचाय तुला." पूर्ण उन्हाळा दर आठवड्याला जायचे आणि त्याच्या ओट्यावर ठाण मांडून बसायचे, तो दहावीची भूमिती पहिल्यापासून करेपर्यंत. गावात पोराचं हसं झालं, पास झालेल्या परीक्षेचा अभ्यास करणारा तो पहिलाच. पण सुकला हो. धुळ्याला डिप्लोमाला लागला. आबा येऊन सांगत होते, धागा निघाला, धागा निघाला.

मग मी बारावी केली, दोनदा बसून, सासूबाईंचा नियम कधी मोडला ते त्यांनाही कळलं नाही. आता बी.ए. पहिलं वर्ष, बाहेरूनच. आणि मागच्या पावसाळ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोच हात. दर महिन्याला त्यांना धुळ्याला डॉक्टरांकडे न्यायचं माझ्याकडे आलं, कारण हे दुकानात. मी, एसटीला घाबरणारी, एका हाताने पोरगी, दुसऱ्या हाताने आबा. पहिल्यांदा नेलं तेव्हा स्टँडवर मला रडूच फुटलं होतं. डॉक्टरांनी तपासलं तर आबा त्यांना वाकड्या तोंडाने विचारतात, तुमच्या सायकलचे ब्रेक कोण बघतं?

परवा धुळ्याहून परत येताना गाडीला गर्दी होती, पण कंडक्टरने म्हातारा बघून दोघांची सीट रिकामी करून दिली. आबा खिडकीशी बसले. मी शेजारी टेकणार, तर त्यांनी डाव्या हाताने डोक्यावरची टोपी काढली आणि शेजारच्या जागेवर ठेवली. मी म्हटलं, "आबा, बसू ना मी?" जीभ जड झालीय त्यांची, पण कळलं मला. "आत्ते नही. तू बी.ए. व्हय. तंवर मी जागा धरी ठेवस."

"आबा, अजून दोन वर्षं आहेत."

 आबा डाव्या हाताचा अंगठा आणि बोट चोळत बसले. त्या हाताला कापूस कळत नाही, कळणार कसा, तो हात कधी शिकलाच नव्हता. तरी चोळत होते.

मी पोरीला धरून उभी राहिले. गाडीत बायका कुजबुजायला लागल्या, एक माणूस म्हणाला, "पोरीला तरी बसवा," तर आबा म्हणाले, "तिनी जागा मांगे शे." म्हणजे आधी माझी पाळी, मग तिची. पारोळ्याला एक लठ्ठ गृहस्थ चढले, घामाघूम झालेले, टोपीकडे बघून मोठ्याने म्हणाले, "ही जागा कोणाची आहे हो?" आबांनी डोळे मिटले होते, झोप लागली होती की काय कोण जाणे, त्यांचं बोट थांबलं होतं. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या छातीत धडधडायला लागलं, पण मी दाराआडून नाही बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"माझी आहे भाऊ," मी म्हटलं. "मी अजून यायची आहे."

आणि अमळनेरपर्यंत त्या टोपीवर हात ठेवून उभी राहिले, खड्ड्यांनी ती खाली पडू नये म्हणून.